भरिताची वजावट

पृथ्वीचं तापमान उतरवण्यासाठी ज्यांनी आपलं उत्तरायुष्य वेचलं अशा थोड्या माणसांत आमच्या धरणगावच्या घरमालकांची, म्हणजे आबांची, गणना करावी लागेल. ही गणना अजून कुणी केलेली नाही, पण आबांनी स्वतः ती मला एकदा जिन्यात थांबवून सुचवली होती. तेव्हा एप्रिल चालू होता, जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटके देत होता आणि खाली आबांच्या खोलीत कूलर घरघरत होता.

मी त्या काळात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि आबांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. आबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. उंच, वाकलेले, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक कधीच चालत नसे. ते का बाळगता असं विचारल्यावर म्हणाले, "मागायला येणाऱ्यांसाठी." मी बाजार शिकवतो म्हणजे मला बाजारातलं कळतं, अशी त्यांची समजूत होती. ती मी मोडली नाही, कारण त्या समजुतीमुळे मला अधूनमधून त्यांच्या शेतातली वांगी स्वस्त मिळत.

उन्हाळ्यात दुपारी जिन्याच्या तळाशी उभं राहून ते हाक मारत. "सर, मी कूलर लावला. तुम्ही पंखा एकावर आणा."

मी सुरुवातीला समजलो की विजेच्या बिलाची काळजी आहे. तसं नव्हतं. मीटर वेगळे होते. आबांचं म्हणणं असं की घर एक आहे. त्यात कुणी गारवा घेतला तर दुसऱ्या कुणी तेवढा सोडला पाहिजे, म्हणजे जगावर बोजा पडत नाही. घेणारे नेहमी आबा आणि सोडणारा नेहमी मी का, हेही मी विचारून पाहिलं. "वयामुळे," ते म्हणाले.

या तत्त्वाला ते वजावट म्हणत, आणि ते फक्त पंख्यापुरतं नव्हतं. आबांना मधुमेह होता आणि पारोळ्याच्या बाजाराची जिलेबी त्यांना सोडवत नसे. बाजाराहून आले की ते घरी न येता थेट रफिकभाईंच्या दुकानात जात. रफिकभाई वेल्डिंगचं काम करत, गेट आणि खिडक्यांची ग्रिल बनवत, आणि त्यांची तब्येत ठणठणीत होती. आबा समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवत, दोन्ही बिनसाखरेचे.

"आबा, जिलेबी आपने खाई, मुँह मेरा कडवा," रफिकभाई म्हणत.

"एकूण गावाचं बघा, रफिकभाई. गावात साखर वाढली नाही."

"शुगर गाव को नहीं है. आपको है."

तरी ते चहा पीत. चाळीस वर्षांची दोस्ती म्हणजे काय, हे मला त्या फिक्क्या चहाच्या ग्लासात दिसलं. रफिकभाईंचा विश्वास वजावटीवर नव्हता, आबांवर होता. आणि एखादी योजना चालायला एवढं पुरतं, हे आमच्या विषयाच्या पुस्तकात कुठंही नीट लिहिलेलं नाही.

अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. त्यांच्यावर आवाज चढवला की आबा थोड्या वेळाने वर येत आणि माझं काहीतरी कौतुक करत. अक्षर चांगलं आहे, चप्पल नीट लावता, असलं. खाली भांडण ऐकू आलं की मी शर्ट घालून बसत असे, कारण आता आपली स्तुती होणार हे ठरलेलं. अक्कांनी एकदा मला जिन्यातूनच सांगितलं, "मला बोलायचं आणि तुमच्याशी गोड. माझी वजावट तुम्ही खाताय, सर."

अशा माणसाच्या गावी कार्बनचा बाजार उशिराच आला म्हणायचा.

आबांची शेती जवळच्या एका खेड्यात होती. तिथल्या शाळेत या बाजारातल्या एका कंपनीच्या साहेबांनी सभा घेतली. साहेब पुण्याचे, बूट स्वच्छ, पडद्यावर हिरवी पृथ्वी. कापूस वेचून झाला की शेतकरी कपाशीच्या काड्या उपटतात आणि बांधावर पेटवून देतात. त्याऐवजी त्या बंद भट्टीत, हवा न लागू देता भाजायच्या. राख होत नाही, कोळसा होतो. तो चुरून मातीत घालायचा. जो धूर आभाळात गेला असता तो जमिनीत गाडला गेला. आणि त्या न गेलेल्या धुराचं प्रमाणपत्र परदेशातली एखादी कंपनी विकत घेते, कारण तिला तिचा स्वतःचा धूर सोडायचा असतो.

मग भिकाभाऊ उठले. भिकाभाऊ म्हणजे आबांच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, कपाशी आणि थोडी केळी, आणि कुणाचंही भाषण संपू न देण्याची सवय. "साहेब, जो धूर निंघनाच नही, तो कोन इकत लेस?"

न निघालेला धूर विकत कोण घेतं, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना घातला असता तर तास तिथंच संपला असता. साहेबांनी पडद्यावर एक बाण दाखवला. भिकाभाऊंनी बाण पाहिला आणि ते आणखी बुचकळ्यात पडले. तेव्हा आबा उठले.

"भिका, मी जिलेबी खास, तवय फिक्का चहा कोन पेस?"

"रफिकभाई."

"हाई तेच शे. तिकडला लोके जिलेबी खातस. आपन रफिकभाई."

हशा झाला आणि अख्खं गाव एका दमात समजलं. साहेबांनी हे उदाहरण टिपून घेतलं. पुढे दुसऱ्या तालुक्यात त्यांनी ते वापरलं तेव्हा त्यात जिलेबीच्या जागी पिझ्झा होता, असं ऐकलं.

पण समजणं वेगळं आणि काड्या ठेवणं वेगळं. काड्यांचा ढीग शेतात राहिला की बोंडअळी त्यातच मुक्काम करते आणि हरभरा पेरायला उशीर होतो. भट्ट्या थोड्या, काड्या डोंगराएवढ्या. पाळी येईपर्यंत ढीग सांभाळायचा म्हणजे जोखीम. शेतकऱ्यांनी ती कंपनीच्या बाणाकडे पाहून घेतली नाही, आबांकडे पाहून घेतली. निम्म्या गावाने त्यांच्याकडे भूगोल शिकलेला. आबांनाही ते कळत होतं. म्हणून ते सभेत एक वाक्य जास्त बोलले. "ज्याच्या वावरात काडी जळताना दिसेल, त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही."

हे ते प्रमाण मराठीत बोलले. शपथ असली की आबा अहिराणी सोडत.

भट्ट्या रफिकभाईंनी जुन्या पिंपांपासून बनवल्या. पहिल्या भट्टीचं उद्घाटन एका पुढाऱ्यांच्या हस्ते झालं. शाल आली, नारळ आला, आणि पृथ्वीच्या रक्षणासाठी आलेल्या चार गाड्या भाषण संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून बांधावर उभ्या होत्या, कारण आत बसलेल्यांना एसी लागत होता. आबांनी त्या गाड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या संध्याकाळी माझा पंखा पूर्ण बंद करायला सांगितला. डिसेंबर होता. मी केला.

आता भरिताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खानदेशात हिवाळा लागला की शेतात भरीत होतं. वांगी मोठी, हिरवट-पांढरी, हातात मावत नाहीत अशी. ती भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, वर शेंगदाण्याचं तेल, लसूण, कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पाहुणा आला आणि त्याला भरीत घातलं नाही, तर त्याचा अर्थ तुम्ही त्याच्याशी बोलत नाही असा होतो. वांगं नेमकं कधी झालं हे आबा नुसत्या वासावरून सांगत. त्यामुळे गावातल्या कुठल्याही शेतातलं भरीत आबांशिवाय होत नसे. हिवाळाभर ते घरी फारसे जेवतच नसत. अक्का म्हणत, यांचं सासर चार महिने शिवारात असतं.

आणि हे वांगं भाजतात कपाशीच्या काड्यांवर. दुसऱ्या कशावर भाजतात हे तिथं कुणाला ठाऊक नाही. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आबा "दवाखान्यातलं" म्हणत.

मार्गशीर्षात तपासणीच्या मॅडम आल्या. कंपनी वेगळी, तपासणारे वेगळे. मॅडम नागपूरच्या, मितभाषी, पायात शेतात चालण्याजोगे बूट. शेतकऱ्यांचा गट पास झाला तर काड्यांचे पैसे येणार. नापास झाला तर ज्यांनी आबांच्या शब्दावर ढीग सांभाळले होते ते सगळे मूर्ख ठरणार, आणि आबा सगळ्यांत मोठे. आबांनी दोन दिवस दाढी वाढू दिली नाही. मला बरोबर घेतलं, अर्थशास्त्र म्हणून.

मॅडमनी शिवार पायाखालून घातलं. ढीग पाहिले, भट्टी पाहिली, कोळसा बोटांत चुरून पाहिला, मातीत किती खोल घालता ते विचारलं. कुठंही जळालेला काळा डाग नाही. भिकाभाऊ मागून चालत पुटपुटत होते, "आबा, जमी गयं." आबांची मान वर झाली. आणि मग, सगळं मनासारखं झालेल्या यजमानाच्या आवाजात ते म्हणाले, "मॅडम, आता जेवायला आमच्या वावरात चला."

आबांच्या शेतात निंबाखाली जाळ चांगला उंच पेटला होता. अक्का पदर खोचून उभ्या होत्या. रफिकभाई वांगी उलटत होते. धूर सरळ वर, आभाळात चालला होता.

मॅडम थांबल्या. "हे काय जळतंय?"

"वांगी," आबा म्हणाले.

"वांग्यांच्या खाली?"

आबांनी खाली पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून खात्रीने सांगू शकतो की त्या क्षणापर्यंत आबांना ते दिसलंच नव्हतं. आबांनाच नव्हे, अक्का, रफिकभाई, भिकाभाऊ, मी, कुणालाही. काड्या जाळणं वेगळं आणि भरीत करणं वेगळं. पेटलेलं शेत म्हणजे जाळ, भरिताचा जाळ म्हणजे स्वयंपाक. एवढी मोठी शपथ घेतलेला माणूस पाहुणीला भरीत घालायचं ठरवतो तेव्हा त्याच्या डोक्यात काड्या येतच नाहीत, वांगी येतात.

"काड्या," आबा म्हणाले.

कंपनीचे साहेब पुढे सरसावले. ही एक प्रकारची उघडी भट्टीच आहे, प्रायोगिक, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. आबांनी त्यांना हाताने थांबवलं. शाळेत मुलाला खाली बसवतात तसं. "मॅडम, भट्टी नाही. भरीत आहे. जसं दिसतंय तसं लिहा."

"लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "स्वयंपाकाला थोडं जाळलं तर गट नापास होत नाही. पण एकूणातून वजा होईल."

"वजा," आबा म्हणाले. आयुष्यभर तो शब्द त्यांनी दुसऱ्यांना ऐकवला होता.

भिकाभाऊ गप्प राहू शकले असते, पण मग ते भिकाभाऊ कसले. "आबा, आते पानी कोना घर पिशात?"

मॅडम जेवल्या. दोनदा वाढून घेतलं. आबा जेवले नाहीत, आणि पाणीही प्यायले नाहीत.

शपथ शब्दशः होती: ज्याच्या वावरात काडी जळेल त्याच्या घरचं पाणी नाही. वावर आबांचं, घर आबांचं. अक्कांनी समजावलं, रागावल्या, शेवटी माठाला कुलूप लावू का म्हणाल्या. आबा रफिकभाईंकडे पाणी प्यायला लागले. पण रफिकभाईंचं दुकान शुक्रवारी बंद असे. तेव्हा एके शुक्रवारी ते जिना चढून वर आले, माझ्या दारात उभे राहिले आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "सर, भाडेकरूची हद्द वेगळी धरतात ना?"

"धरतात," मी अर्थशास्त्राच्या वतीने म्हणालो.

माझ्या माठातलं पाणी ते दोन ग्लास प्यायले. माझा माठ रोज सकाळी अक्काच भरत, खालच्याच नळावरून. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मोठमोठ्या कंपन्या धुराच्या हद्दी अशाच आखतात असं मी नंतर वाचलं. पण त्यांच्यापैकी कुणाला जिना चढताना धाप लागत असेलसं वाटत नाही.

गट पास होईपर्यंत हे चाललं. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी अक्कांनी पाण्याचा तांब्या आणून समोर आदळला, आणि आबा निमूटपणे प्यायले. पण भरिताचा प्रश्न राहिलाच. गावात बैठक बसली. भरीत जेवढं कमी होईल तेवढी वजावट कमी. मग भरीत कमी कुणी करायचं? एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. भिकाभाऊंच्या घरी पोरीला बघायला पाहुणे येणार होते. कुणाकडे जावई होता. प्रत्येकाचं भरीत आवश्यक होतं.

आबा म्हणाले, "माझं सोडा. बाकीच्यांनी करा."

"आबा, तुम्हना एकलावरी काय व्हनार शे?"

"रफिकभाईच्या एका चहाने काय होत होतं?"

रफिकभाई बैठकीत नव्हते, त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अब समझेंगे."

आबांनी ते पाळलं. शिवारात धूर दिसला की ते वाट बदलून जात. लोक बोलवायला येत. वांगं झालं की नाही एवढं तरी सांगा म्हणत. आबा बांधावर उभे राहून, वारा आपल्या दिशेने घेऊन, "अजून थोडं," "आता काढा," असं सांगत आणि घरी परत येऊन गॅसवरची भाजी खात. अक्कांनी एकदा गॅसवर वांगं भाजून पाहिलं. आबांनी ताट पाहिलं आणि विचारलं, "कोण आजारी आहे?"

त्या काळात एक नवीन सवय त्यांना लागली. आमच्या कोळशाची प्रमाणपत्रं परदेशातल्या एका विमान कंपनीने घेतल्याचं साहेबांनी सांगितलं होतं. धरणगावावरून फार उंचावरून विमानं जातात. आवाज उशिरा येतो, पांढरी रेघ आधी दिसते. आबा अंगणात खुर्ची टाकून बसत, रेघ दिसली की हात वर करून म्हणत, "जा. तुझी वजावट झाली आहे."

कुठल्या कंपनीचं विमान आहे हे खालून कळत नाही, असं मी म्हणालो.

"नसलं त्यांचं तरी जाऊ दे. भरीत मी सोडलंय ना."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता मी धुळ्याला राहतो, तिथं गच्चीवर उभं असताना रेघ दिसली की माझाही हात अर्धा वर जातो. शेजारी पाहत असले तर मी केस नीट करतो.

पुढच्या मार्गशीर्षात मॅडम पुन्हा आल्या. शिवार पाहून झालं आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "यंदा भरीत नाही?" भिकाभाऊंच्या शेतात होतं. आबा आले, वासावरून वांगी उतरवायला सांगितली, सगळ्यांना वाढलं आणि बाजूला बसून कोरी भाकरी मोडायला लागले.

"तुम्ही नाही घेत?" मॅडमनी विचारलं.

आबांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. तेव्हा भिकाभाऊंनी सगळं सांगितलं; गेल्या वर्षीच्या जाळापासून आबांनी गावाच्या वाट्याचं भरीत सोडलं तिथपर्यंत. त्यांच्या सांगण्यात टोमणा नव्हता, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "पण आबा, ते धरलंच नाही. मी लिहिलं होतं. अहवाल वरच्या ऑफिसात गेल्यावर त्यांनी एवढ्या जाळाला शून्य धरलं. नेहमी धरतात."

जाळात एक काडी फुटली.

"शून्य," रफिकभाई म्हणाले. "आबा, जीरो के वास्ते पूरा ठंडी का मौसम..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं, कारण आबांचा चेहरा त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ठाऊक होता.

आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "शून्य त्यांनी धरलं असेल, मॅडम," ते म्हणाले. "मला वास येत होता."

मग त्यांनी ताट अक्कांपुढे केलं. अक्कांनी त्यांना भरीत वाढलं. इतरांना वाढलं होतं त्याच्या दुप्पट, आणि वर तेलाची धार सोडली. रफिकभाईंनी आपल्या ताटातलं थोडं उचलून त्यात टाकलं. आबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एक वांगं कच्चं राहिलं."

"तुम्हीच तं 'उतरवा' सांगं ना," भिकाभाऊ म्हणाले.

"सवय गेली," आबा म्हणाले, आणि जेवत राहिले.

गटाला कंपनीकडून मानपत्र मिळालं. त्यावर हिरवी पृथ्वी होती आणि खाली पृथ्वीचं तापमान रोखण्यातल्या अमूल्य योगदानाबद्दल असं छापलेलं होतं. आबांनी ते चौकटीत घालून जिन्याच्या तळाशी लावलं, म्हणजे वर जाताना मला दिसावं.

त्यानंतरचा उन्हाळा आधीच्यापेक्षा कडक निघाला. आबांनी खालून कूलर लावल्याचं सांगितलं आणि मी पंखा एकावर आणला.